एकवीस आणि एकवीस: लंडनच्या बरो कौन्सिलांचा निकाल कसा वाचावा

५ मे २०२२ रोजी लंडनच्या ३२ बरो कौन्सिलांसाठी मतदान झाले. त्याआधीच्या, म्हणजे २०१८ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने २१ कौन्सिले जिंकली होती. २०२२ ची मोजणी संपली तेव्हाही त्याच्याकडे २१ कौन्सिले होती. एवढाच आकडा पाहिला तर चार वर्षांत काही घडलेच नाही असे वाटेल. प्रत्यक्षात या निकालाने हुजूर पक्षाच्या लंडनमधल्या तीन जुन्या गढ्या पाडल्या आणि मजूर पक्षाच्या हातूनही तीन कौन्सिले काढून घेतली. तीन आली, तीन गेली, बेरीज तीच राहिली.

स्थानिक निवडणुकांचे निकाल आपण सत्तेच्या तक्त्यावरून वाचतो. कोणाकडे किती पालिका, कोणाचे किती नगरसेवक, एवढे कळले की निकाल कळला असे मानतो. हा तक्ता निकालातला शेवटचा आकडा असतो. त्याच्याआधी मतांचा टक्का, वॉर्डांची रचना, मताधिक्य आणि मतदानाला न आलेल्यांची संख्या येते, आणि खरी गोष्ट या चार आकड्यांत असते. लंडनच्या २०२२ च्या निकालाइतके हे स्पष्ट दाखवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आधी रचना समजून घेऊ. लंडनला मुंबईसारखी एक महापालिका नाही. १९६३ च्या कायद्याने शहराचे ३२ बरो पाडले गेले. त्यांची पहिली निवडणूक १९६४ मध्ये झाली आणि १९६५ पासून ही कौन्सिले कारभार पाहू लागली. सिटी ऑफ लंडन हा मधला जुना चौरस मैल तेवढा वेगळा. लंडनचा महापौर आणि असेंब्ली ही २००० सालापासूनची, त्यांची निवडणूक वेगळी. शाळा, कचरा, ग्रंथालये, सरकारी घरे, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने ही रोजची कामे बरो कौन्सिलच करते. २०२२ मध्ये या ३२ कौन्सिलांत मिळून १,८१७ नगरसेवक निवडून द्यायचे होते. २०२१ च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या सुमारे ८८ लाख भरली, म्हणजे साधारण ४,८०० माणसांमागे एक नगरसेवक. मुंबईत २२७ नगरसेवक आहेत आणि २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती; तिथे एका नगरसेवकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार माणसे येतात. लंडनचा नगरसेवक मतदाराच्या किती जवळ असू शकतो ते या दोन आकड्यांवरून दिसते.

आता २०२२ च्या जागा. मजूर पक्ष १,१५६, हुजूर पक्ष ४०४, लिबरल डेमोक्रॅट्स १८०, ग्रीन पार्टी १८ आणि उरलेले ५९. हुजूर पक्षाचा ४०४ हा लंडनमधला त्याचा आजवरचा नीचांक ठरला. कौन्सिलांची वाटणी अशी झाली: मजूर पक्ष २१, हुजूर पक्ष ५, लिबरल डेमोक्रॅट्स ३, टॉवर हॅम्लेट्समध्ये ॲस्पायर हा स्थानिक पक्ष, आणि क्रॉयडन व हॅवरिंग या दोन ठिकाणी कोणालाच बहुमत नाही.

याच्या शेजारी मते ठेवा. मजूर पक्षाला लंडनभर सुमारे ४२ टक्के मते मिळाली आणि जागा मात्र जवळपास ६४ टक्के. हुजूर पक्षाला सुमारे २६ टक्के मते, २२ टक्के जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना सुमारे १४ टक्के मते, १० टक्के जागा. ग्रीन पार्टीला दहा टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि जागा बरोबर एक टक्का. ज्या पक्षाला दर दहा मतांत एक मत मिळते, त्याला शंभर खुर्च्यांत एकच खुर्ची मिळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१८ च्या तुलनेत मजूर पक्षाच्या मतांचा टक्का वाढला नव्हता, उलट थोडा घसरला होता. ज्या निकालाला सगळ्यांनी मजूर पक्षाची मुसंडी म्हटले, त्या निकालात त्याची एकूण मते टक्क्यात कमी झाली होती. हुजूर पक्षाची घसरण त्याहून मोठी होती, आणि मजूर पक्षाची मते जिथे हवी होती तिथे पडली. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कार्यालयातल्या टाळेबंदीकाळच्या मेजवान्यांचे प्रकरण तापलेले होते, महागाई चढत होती. हुजूर पक्षाचा पारंपरिक मतदार काही घरी बसला, काही दुसरीकडे गेला.

तीन फुल्यांचे गणित

मते आणि जागा यांच्यातली ही दरी वॉर्डाच्या रचनेतून येते. लंडनच्या वॉर्डातून एक, दोन किंवा तीन नगरसेवक निवडले जातात. तीन जागांच्या वॉर्डात मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका येते, तीवर सगळ्या उमेदवारांची नावे असतात आणि त्याने जास्तीत जास्त तीन नावांपुढे फुली मारायची असते. सर्वाधिक मतांचे पहिले तिघे निवडून येतात.

पुण्यासारख्या शहरातला मतदार बहुसदस्यीय प्रभाग ओळखतो. २०१७ मध्ये पुण्यात ४१ प्रभाग आणि १६२ जागा होत्या, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. पण तिथे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, त्यांना आरक्षण वेगळे असते आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र होते. लंडनमध्ये सगळे उमेदवार एकाच आखाड्यात उतरतात. तरी दोन्हीकडे परिणाम सारखाच: मतदार बहुधा एकाच पक्षाच्या नावांपुढची बटणे दाबत किंवा फुल्या मारत जातो, आणि त्या भागात जो पक्ष किंचित पुढे असतो तो सगळ्या जागा उचलतो.

समजा, एका वॉर्डात पहिल्या पक्षाला ४२, दुसऱ्याला ३३ आणि तिसऱ्याला २५ टक्के मते आहेत. तिन्ही जागा पहिल्याला जातील. उरलेल्या ५८ टक्के मतदारांचा त्या वॉर्डातून एकही प्रतिनिधी कौन्सिलात जाणार नाही. असे वीस वॉर्ड एकापुढे एक आले की पूर्ण कौन्सिल एका रंगाचे होते.

ल्युइशममध्ये तसे झालेच. २०१८ मध्ये मजूर पक्षाने ५४ पैकी ५४ जागा जिंकल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा ५४ पैकी ५४. ग्रीन, लिबरल डेमोक्रॅट्स, हुजूर पक्ष, सगळे रिंगणात होते, हजारो लोकांनी त्यांना मते दिली आणि जागा शून्य. बार्किंग आणि डॅगनमची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तिथे २००६ मध्ये वंशद्वेषी ब्रिटिश नॅशनल पार्टीने १२ जागा मिळवून साऱ्या देशाला हादरा दिला होता. २०१० मध्ये मजूर पक्षाने जोर लावून त्या बाराही जागा काढून घेतल्या आणि ५१ पैकी ५१ जिंकल्या. त्या विजयाचे मोल मोठे होते यात शंका नाही. पण पुढे २०१४, २०१८ आणि २०२२ मध्येही तिथला आकडा ५१ पैकी ५१ च राहिला. एक पिढी वाढली, तिने तोवर आपल्या कौन्सिलच्या सभागृहात निवडून आलेला विरोधी नगरसेवक पाहिलेला नव्हता.

हे एकाच पक्षाचे पाप नव्हे. रिचमंडमध्ये २०२२ साली लिबरल डेमोक्रॅट्सना ४८, त्यांच्याशी समझोता केलेल्या ग्रीन पार्टीला ५ आणि हुजूर पक्षाला १ जागा मिळाली. मतांत हुजूर पक्ष तिथे दुसऱ्या क्रमांकावर होता. ही पद्धत जो पुढे असतो त्याचेच भले करते, मग तो कोणीही असो.

गढ्या कशा पडल्या

वाँड्झवर्थ हे थेम्सच्या दक्षिणेचे कौन्सिल १९७८ पासून हुजूर पक्षाकडे होते, सलग ४४ वर्षे. कमी कर आणि खासगी कंत्राटांवर चालणारा कारभार याचा नमुना म्हणून मार्गारेट थॅचर यांच्या काळापासून त्याचे नाव घेतले जाई. २०१८ मध्ये तिथे मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा थोडी जास्त मते मिळाली, तरी जागा झाल्या हुजूर ३३, मजूर २६, अपक्ष १. मजूर पक्षाची मते थोड्या वॉर्डांत गठ्ठ्याने पडली होती आणि हुजूर पक्षाची मते नेमकी लागतील तेवढी, लागतील तिथे. म्हणजे २०२२ चे सत्तांतर मतदारांनी २०१८ मध्येच सांगून ठेवले होते. जागांच्या तक्त्यात ते दिसायला चार वर्षे लागली. २०२२ चा आकडा मजूर ३५, हुजूर २२, अपक्ष १. वृत्तवाहिन्यांनी याला अचानक आलेला भूकंप म्हटले. आधीचा मतांचा टक्का पाहिलेल्या माणसाला त्यात अचानक असे काही नव्हते.

वेस्टमिन्स्टरमध्ये हुजूर पक्ष कौन्सिलच्या जन्मापासून, १९६४ पासून, सत्तेत होता. २०१८ ला ६० पैकी ४१ जागा त्याच्या, १९ मजूर पक्षाच्या. मधल्या काळात वॉर्डांची फेररचना होऊन जागा ५४ झाल्या आणि २०२२ मध्ये मजूर पक्षाने ३१ विरुद्ध २३ असे कौन्सिल घेतले. निवडणुकीच्या आदल्या वर्षी तिथल्या कौन्सिलने मार्बल आर्चजवळ पर्यटकांसाठी एक कृत्रिम टेकडी उभारली होती. तिचा खर्च ६० लाख पौंडांवर गेला, लोकांनी तिची टर उडवली आणि कौन्सिलच्या उपनेत्याला पद सोडावे लागले. स्थानिक निवडणुकीत देशाचे वारे वाहते हे खरे, पण मतदार टेकडीचा खर्चही विसरत नाही.

वेस्टमिन्स्टरचा आणखी एक जुना आकडा इथे सांगायलाच हवा, कारण थोड्या फरकाच्या निवडणुका राज्यकर्त्यांना कुठल्या थराला नेतात ते त्यातून कळते. १९८६ मध्ये तिथे हुजूर पक्षाला ६० पैकी ३२ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला २७. काठावरचे बहुमत. कौन्सिलच्या नेत्या शर्ली पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटीतटीचे आठ वॉर्ड हेरले. तिथली कौन्सिलची घरे रिकामी झाली की गरजूंना भाड्याने न देता विकायची आणि आपल्या बाजूचा मतदार त्या वॉर्डांत आणून बसवायचा, असे धोरण आखले गेले. १९९० मध्ये निकाल लागला ४५ विरुद्ध १५. पुढे लेखापरीक्षकाने हे प्रकरण बाहेर काढले. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ते धोरण बेकायदा ठरवले आणि २००४ मध्ये पोर्टर यांनी १ कोटी २३ लाख पौंड भरून तडजोड केली. मधल्या काळात घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबांचे जे झाले ते कुठल्याही रकमेने भरून निघणारे नाही. पूर्ण शहराचा निकाल आठ वॉर्डांवर अवलंबून ठेवणारी पद्धत असली की सत्ताधाऱ्याची नजर त्या आठ वॉर्डांवरच राहते, बाकीच्यांवर राहत नाही. माझा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

बार्नेटमध्ये मजूर पक्षाला पहिल्यांदाच स्वबळावर बहुमत मिळाले, ४१ विरुद्ध २२. चार वर्षांपूर्वी आकडे २५ विरुद्ध ३८ असे होते. या बरोत ज्यू वस्ती मोठी आहे आणि पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या काळात पक्षावर ज्यूद्वेषाचे जे आरोप झाले त्यांची किंमत २०१८ मध्ये पक्षाने इथे मोजली होती. २०२० मध्ये कीर स्टार्मर नेते झाल्यावर हा मतदार परत आला.

आता दुसरी बाजू. हॅरोमध्ये वारे उलटे वाहिले. २०१८ चे मजूर ३५, हुजूर २८ हे चित्र पालटून २०२२ मध्ये ५५ पैकी हुजूर ३१, मजूर २४ झाले. हॅरो आपल्याला परके नाही. इंग्लंड-वेल्समध्ये हिंदूंचे प्रमाण सर्वांत जास्त याच बरोत आहे, २०२१ च्या जनगणनेत २५.८ टक्के. त्यात गुजराती कुटुंबे पुष्कळ. देशात हुजूर पक्षाची पडझड होत असताना या पक्षाने लंडनमध्ये नव्याने मिळवलेले हे एकमेव कौन्सिल, आणि ते भारतीय वंशाच्या मतदारांच्या बरोत, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत काळजीपूर्वक वाचली गेली असणार.

क्रॉयडनच्या कौन्सिलने नोव्हेंबर २०२० मध्ये आपण आर्थिकदृष्ट्या कोलमडल्याची कायदेशीर सूचना काढली होती. मतदारांनी त्याचा हिशेब मागितला: मजूर ३४, हुजूर ३३, ग्रीन २, लिबरल डेमोक्रॅट्स १, एकूण ७०. तिथे प्रथमच थेट महापौर निवडला गेला आणि हुजूर पक्षाचा उमेदवार सहाशेहून कमी मतांनी जिंकला. टॉवर हॅम्लेट्समध्ये लुत्फुर रहमान परत महापौर झाले. त्यांची २०१४ ची निवड न्यायालयाने २०१५ मध्ये गैरप्रकारांमुळे रद्द केली होती आणि पाच वर्षांची बंदी घातली होती. बंदी संपल्यावर ते आले आणि त्यांच्या ॲस्पायर पक्षाने ४५ पैकी २४ जागा घेतल्या.

क्रॉयडनची सहाशे मते वाचून मुंबईकराला २०१७ चा प्रभाग क्रमांक २२० आठवेल. शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि निर्णय चिठ्ठी टाकून झाला. ब्रिटनमध्येही समसमान मते पडली की निकाल चिठ्ठीवरच जातो. एका घरातले दोघे मतदानाला गेले असते तर चिठ्ठी टाकावी लागली नसती.

ग्लासगोने काय केले

ही पद्धत दगडावरची रेघ नाही. ब्रिटनमध्येच ती बदलून दाखवली गेली आहे. २००३ मध्ये ग्लासगोच्या कौन्सिलात मजूर पक्षाने ७९ पैकी ७१ जागा जिंकल्या, मते होती ४७.६ टक्के. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला आणि २००७ पासून तिथल्या सगळ्या कौन्सिलांना पसंतीक्रमाची मतपद्धत लागू झाली. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांमुळे मराठी वाचकाला ती ठाऊक आहे: पहिली, दुसरी, तिसरी पसंती, मतांचा कोटा आणि उरलेल्या मतांचे हस्तांतरण. २००७ मध्ये ग्लासगोत मजूर पक्षाची पहिल्या पसंतीची मते सुमारे ४३ टक्के होती आणि जागा ७९ पैकी ४५. स्कॉटिश नॅशनल पार्टीला २२, ग्रीन पार्टीला ५, लिबरल डेमोक्रॅट्सना ५ आणि आणखी दोन पक्षांना एकेक.

सत्ता मजूर पक्षाकडेच राहिली. फरक पडला तो सभागृहात: ज्यांनी दुसऱ्या पक्षांना मते दिली त्यांची माणसे समोरच्या बाकांवर येऊन बसली. कंत्राटे, निविदा, शाळा बंद करण्याचे ठराव, या सगळ्यांवर प्रश्न विचारायला चौतीस माणसे आली. उत्तर आयर्लंडमध्ये ही पद्धत १९७३ पासून आहे. वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने कौन्सिलांना ती स्वीकारण्याची मुभा दिली. इंग्लंड मात्र तीन फुल्यांवर अडून आहे, आणि ज्या पक्षाला ती बदलण्याचे अधिकार मिळतात त्यालाच तिचा फायदा होत असतो, त्यामुळे बदलाची घाई कोणाला नसते. ल्युइशमच्या ५४ नगरसेवकांत कितीही प्रामाणिक माणसे असोत, आपल्याच पक्षाच्या कारभाराची चौकशी करणारी समिती आपल्याच पक्षाच्या माणसांनी भरणे हे चुकीचे आहे.

घरी राहिलेले

शेवटचा आकडा सगळ्यांत मोठा आहे. २०२२ मध्ये लंडनभर सुमारे ३६ टक्के मतदान झाले, म्हणजे शंभर नोंदणीकृत मतदारांपैकी ६४ आलेच नाहीत. आलेल्या ३६ पैकी ४२ टक्के मजूर पक्षाचे. हिशेब केला तर शंभरातल्या साधारण १५ मतदारांच्या पाठिंब्यावर ६४ टक्के जागा उभ्या होत्या. आणि हे झाले नोंदणी केलेल्यांचे. ज्यांनी नावच नोंदवले नाही ते या हिशेबातही धरलेले नाहीत.

त्यात आपली माणसे पुष्कळ असणार. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथल्या निवडणुकांत मताचा अधिकार आहे. भारतीय पारपत्रावर, कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणारा अठरा वर्षांवरचा माणूस बरो कौन्सिलसाठी मतदान करू शकतो, संसदेसाठीही. पुण्या-नाशिकहून गेलेल्या अनेक तरुण जोडप्यांना हे माहीतच नसते. मत देण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागते असे ते धरून चालतात. कौन्सिल टॅक्स मात्र ते नेमाने भरतात, कारण तो भाडेकरूलाही चुकत नाही. महाराष्ट्र मंडळ लंडन ही १९३२ ची संस्था ज्या ब्रेंट बरोत आहे, तिथे २०२२ चे आकडे मजूर ४९, हुजूर ५, लिबरल डेमोक्रॅट्स ३ असे होते. हाउन्स्लोमध्ये मजूर ५२ आणि हुजूर १०, ईलिंगमध्ये मजूर ५९, लिबरल डेमोक्रॅट्स ६ आणि हुजूर ५. या बरोंत भारतीय कुटुंबांच्या वस्त्या दाट आहेत. लंडनच्या कौन्सिलांशी भारतीयांचे नातेही जुने आहे: व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत सेंट पँक्रसच्या बरो कौन्सिलात नगरसेवक होते आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी झटले, तेव्हा भारत स्वतंत्रही नव्हता.

लंडनमध्ये किंवा इंग्लंडच्या कुठल्याही बरोत तुमचे कोणी राहत असेल तर त्यांना एवढे कळवा. नावनोंदणी ऑनलाइन होते आणि ती मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस शिल्लक असताना पूर्ण झालेली असावी लागते. २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे लागते आणि राष्ट्रकुलातल्या देशाचे पारपत्र त्यासाठी चालते. घर बदलले की नोंदणी पुन्हा करावी लागते.